पडद्यासमोरून : आवाज गेला की काय?

(तालुक्याच्या एकपडदा थिएटरात उभी हयात ऑपरेटर म्हणून काढलेले आमचे स्तंभलेखक वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सासूबाईंबरोबर रोज रात्री मालिका बघते. मागच्या आठवड्यात नायिकेच्या हातून चहाचा कप पडला. सोमवारी पडला, मंगळवारी सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली, बुधवारी तुकडे गोळा केले. वैताग येतो नुसता. पण एखादा भाग चुकला की मीच विचारते, ‘काय झालं हो काल?’ हा काय प्रकार आहे? – एक गृहिणी, सातारा

उत्तर : ताई, वैतागही खरा आणि ते विचारणंही खरं. अर्ध्या तासातून जाहिराती गेल्या की हातात बावीसेक मिनिटं उरतात. रोजची मालिका म्हणजे जवळपास दिवसाला एक भाग उरकायचा. एवढ्या घाईत नवीन जागा, नवीन प्रसंग कुठून आणणार? दिवाणखाना तोच, दिवे तेच. मग चेहरे पकडायचे. आधी सासू, मग जाऊ, मग दारात उभी मोलकरीण, आणि प्रत्येकीला पार्श्वसंगीताचं ‘ढॅण’. त्यातून गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. कप पडला तेव्हा आकडा चढला असेल, तर पुढच्या आठवड्यात बशीही फुटणार, लिहून ठेवा. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग काढले ते काय उगीच?

याउलट ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवड्यातून एकदाच यायची. घरातल्या आजोबांचं, म्हणजे आबांचं काहीतरी खुसपट निघायचं, घरभर चर्चा व्हायची आणि त्याच भागात ते मिटायचं. आबा झालेले दिलीप प्रभावळकर नुसते चष्म्यावरून नातवाकडे, शिऱ्याकडे बघायचे आणि आमच्या घरात हशा पिकायचा. ‘ढॅण’ लागायचं नाही.

एक करून बघा. सासूबाई देवळात गेल्या की एक भाग आवाज बंद करून लावा. ज्या चेहऱ्याकडे बघून तरीही काहीतरी वाटेल, तो नट किंवा नटी कामाची. बाकीच्यांचं काम पेटीवाला करतोय.

प्रश्न : ‘सैराट’ परवा पहिल्यांदाच पूर्ण बघितला, मोबाइलवर. शेवटी आवाजच गेला. मला वाटलं, इअरफोन बिघडला. असं का केलं असेल? – कॉलेजचा विद्यार्थी, बार्शी

उत्तर : अरे, तुझा इअरफोन ठणठणीत आहे. २०१६ साली आमच्याकडे ‘सैराट’ लागला तेव्हा रिळं जाऊन थिएटर डिजिटल झालं होतं; माझं काम बटण दाबण्यापुरतं उरलं होतं. पहिल्याच खेळाला शेवटच्या मिनिटांत दोन-तीन जण मान वळवून माझ्या केबिनच्या भोकाकडे बघायला लागले. एक जण तर ओरडलाही, ‘ए ऑपरेटर, आवाज!’ शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. मग कळलं त्याला.

आता नीट आठव. हीच पब्लिक ‘झिंगाट’ला खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचली होती. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटाचं काही संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत, मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं होतं. एवढा आवाज कानात भरून ठेवायचा, मग घरच्यांच्या विरोधामुळे आर्ची आणि परशा हैदराबादला पळाले की गाणी बंद करायची आणि शेवटी सगळंच काढून घ्यायचं! आर्ची दारात रांगोळी काढतेय, माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा टाकते. तिथे भयाण संगीत वाजलं असतं, तर आपण सावध झालो असतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी तेवढीही सवलत दिली नाही. मग खून झालेल्या आई-बापासमोर त्यांचं लहानगं पोर रडतंय, तोंड उघडलेलं दिसतंय आणि ऐकू काहीच येत नाही. पुढच्या खेळांना मी केबिनमधून पडदा बघायचोच नाही, माणसं बघायचो. नाचलेली पोरंही दिवे लागले तरी जागची हलायची नाहीत. पुढच्या खेळासाठी हॉल रिकामा करताना डोअरकीपरच्या नाकी नऊ यायचे.

मोबाइलवर बघितलास, याचं मात्र वाईट वाटलं.

प्रश्न : काका, ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय म्हणून आम्ही दोघांनी हौसेने लावला. आमचे हे मध्येच घोरायला लागले. मलाही कंटाळा आला, पण सांगायची लाज वाटते. – एक वाचक, ठाणे

उत्तर : लाज कसली? पुरस्कार मिळाला म्हणून कंटाळा यायचा थांबत नाही. मलाही पहिल्या अर्ध्या तासात दोनदा जांभई आली. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, तारखेवर तारीख पडते. पण ही तारीख कुणाची, ते बघा. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप असलेला म्हातारा लोकशाहीर आत अडकलाय. आपल्याला दोन तास जड जातात. त्याचे महिने जाताहेत. आणि सरकारी वकील बाई? कोर्टातून सुटतात, लोकलने घरी जातात, पोराला घेतात, स्वयंपाकाला लागतात. खलनायिका म्हणून बोट दाखवावं, तर ती तुमच्या-माझ्या घरातलीच निघते. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि त्यात एकही ‘ढॅण’ नाही.

उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. बरेच जण इथेच उठतात. तुम्ही उठू नका. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर डुलकी काढताहेत. पोरं ओरडून त्यांना दचकवतात. साहेब एकाच्या कानफटात देतात आणि पुन्हा झोपतात. तेवढा भाग यजमानांना उठवून दाखवा.