लेकरांच्या घशाचा फवारा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा, वजन १२ किलो. मेडिकलवाल्यानं घशाचा स्प्रे दिला आणि 'दोन-तीनदा मारा' एवढंच सांगितलं. नेमका किती मारायचा? (आर्णी)

आधी बाटली फिरवून घटक वाचा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर परत करा. सहा वर्षांखालचं लेकरू ते थुंकत नाही, गिळतं, आणि पोटात गेलेलं आयोडीन थायरॉइडचं काम बिघडवू शकतं. बेंझोकेन असेल तर दोन वर्षांखाली बिलकूल नाही, तुमच्या मुलालाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. त्यानं क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं, अंगाला प्राणवायू पुरत नाही, ओठ-नखं निळी-राखाडी पडतात. पहिल्याच वापरातही हे होऊ शकतं.

०.१५ टक्के बेंझिडामाइन असेल तर हिशोब वजनाचा : दर ४ किलोमागे एक दाब, सहा वर्षांखाली एका वेळी जास्तीत जास्त चार. म्हणजे १२ किलोला तीन. पुन्हा मारायचा तर दीड ते तीन तासांनी. दमा किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर नकोच. आणि एवढ्या लहानाला डॉक्टरांना विचारूनच.

खरं तर या वयात पॅरासिटामॉलचं सिरप बरं. किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८०. पण घोळ इथंच होतो : ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर साडेसात मिली, २५० चं असेल तर फक्त ३.६ मिली. सहा तासांचं अंतर ठेवा, माप झाकणाचं किंवा सिरिंजचं. चहाचा चमचा नको.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. फवारा मारला की ठसका लागतो, एकदा तर श्वासच अडकल्यासारखा झाला. (वरोरा)

ती श्वास आत घेत असताना दाब पडत असणार. थेंब स्वरयंत्रावर गेले की ते आवळून बंद होतं. नवी बाटली आधी हवेत चार-पाचदा दाबून घ्या, नाहीतर पहिल्या दाबात नुसती हवा येते. मुलीला ताठ बसवा, निजवून कधीच नाही. जीभ बाहेर, लांब 'आऽऽ' म्हणायला लावा. त्या वेळी श्वास बाहेर जात असतो, तेवढ्यात दाबा. नळी घशाच्या समोरच्या भिंतीवर न रोखता थोडी बाजूला, टॉन्सिलकडे वळवा. रडत असेल तर थांबा. नंतर पंधरा-वीस मिनिटं पाणीसुद्धा नको, औषध धुऊन जातं. अडीच वर्षांखालच्या लेकराला मेंथॉलचा, म्हणजे पुदिन्यासारखा थंड लागणारा फवारा मारू नका, साध्या वासानंही स्वरयंत्र आवळू शकतं.

प्रश्न : आबाजींच्या दाढेसाठी आणलेला सुन्न करणारा स्प्रे घरात आहे. तोच नातवाला चालेल? (मूर्तिजापूर)

नाही. त्यात बहुधा १० टक्के लिग्नोकेन असतं, दर दाबाला १० मिलिग्रॅम. घसा सुन्न झाला की घास श्वासनळीत जाऊ शकतो.

प्रश्न : चार दिवस झाले, फवाऱ्यानं तात्पुरतं बरं वाटतं, ताप उतरत नाही. (चिखलदरा)

फवारा दुखणं मारतो, जंतू नाही. पाच ते पंधरा वयात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असू शकतो. त्याचा इलाज अर्धवट राहिला तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आजच आरोग्य केंद्रात न्या. लाळ गळतेय, गिळता येत नाही, श्वासाला घरघर आहे, मान फुगलीय किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसतोय, तर लगेच १०८. अशा वेळी चमच्यानं घसा उघडून पाहू नका.

प्रश्न : पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी झाली की वावरात आलेल्या पोरांचा घसा खवखवतो. स्प्रे मारावा का? (घाटंजी)

आधी डोळे पाहा. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला लाळ, घाम, उलटी किंवा जुलाब असतील तर ही कीटकनाशकाची बाधा आहे, घशाचं दुखणं नाही. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, उलटी करवू नका, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. नुसती खवखव असेल तर गुळण्या पुरतात : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, सहा वर्षांवरच्यांना. आणि ओल्या फवारणीत पोरं नेऊच नका.