आधी भट्टी, मग भांडं

प्रश्न : ताई, आम्ही नवरा-बायको आणि आमची दहा वर्षांची मुलगी ऑक्टोबरात चीनला जातोय. त्यात चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन शहरासाठी दोनच दिवस काढलेत. तिथल्या जुन्या भट्ट्यांच्या संग्रहालयाबद्दल एकदम उलटसुलट ऐकायला मिळालं. कुणी म्हणतं अजिबात चुकवू नका, तर कुणी म्हणतं पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे, त्यापेक्षा शहरातली इतर संग्रहालयं बघा. तुम्ही स्वतः मातीकाम करता आणि तिथे जाऊन आला आहात. काय बघावं, काय सोडावं?

उत्तर : ते सोडू नका. पहिली सकाळ तिथेच घालवा, आणि काचेच्या कपाटातल्या फुलदाण्या त्यानंतर बघा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. भट्टी न बघता चिनी मातीचं भांडं बघितलं तर "किती नाजूक, किती सुंदर" याच्यापुढे आपण जात नाही.

देखावा आहे का? थोडा आहे. शहरात विखुरलेले जुने कारखाने 1980 च्या आसपास इथे एका जागी आणून उभे केले, आणि कारागीर आपल्याला दिसावेत असेच बसवलेत. पण त्यांचे हात खोटे नाहीत. यातले बरेचसे उभा जन्म हेच काम करत आलेत, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. चाकावरचा माणूस रंगवत नाही, रंगवणारा झिलई (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर) देत नाही. एका पेल्यामागे 72 हात लागतात असं 1637 च्या एका चिनी ग्रंथात लिहिलंय. ती साखळी तिथे डोळ्यांसमोर चालू असते.

माझं ऐकाल तर वाडगी तासणाऱ्यापाशी जास्त वेळ उभ्या राहा. सगळी गर्दी चाकाभोवती असते, कारण मातीचा गोळा वर चढताना बघायला मजा येते. पण चाकावरून उतरलेलं वाडगं जाडजूड असतं. तासणारा ते उपडं ठेवतो, पातं टेकवतो आणि मातीची पांढरी साल निघत राहते. मधेच हात थांबवून बोटाने टिचकी मारतो. जाडी किती उरली ते त्याला आवाजावरून कळतं. पातं बोथट झालं की बसल्या जागी कानशीने धार करून घेतो. वाडग्याच्या बुडाला मातीचा एक ठोकळा मुद्दाम राखलेला दिसेल. रंग, झिलई होईपर्यंत धरायला तोच. सगळं झालं की शेवटी तो कोरून काढतात, तेव्हा कुठे वाडग्याला बैठक मिळते. बैठकीच्या कडेला झिलई का नसते, हे तिथे एकदा बघितलं की कायमचं लक्षात राहतं.

रंगवणाऱ्याच्या वाटीतला रंग काळपट करडा दिसेल. तो कोबाल्ट. निळा होतो तो झिलईखाली, 1300 अंशांच्या आसपास भाजल्यावर. म्हणजे हात चालत असताना निळा कुठेच नसतो. कुठे किती गडद येणार, हे चित्रकाराने मनातच धरलेलं असतं.

आता भट्टी. तिथल्या मोठ्या भट्टीला झेन-याओ म्हणतात. आडव्या पडलेल्या अर्ध्या अंड्यासारखी, तोंडाशी फुगीर आणि मागे निमुळती होत उंच धुराड्याला भिडणारी. भांडी उघडी ठेवत नाहीत. राख आणि धूर लागू नये म्हणून जाड मातीच्या डब्यांत घालतात आणि डब्यांचे खांब रचतात. त्या डब्यांना सॅगर म्हणतात; ते आवर्जून हातात घेण्यासारखे आहेत, खरबरीत, करपलेले. पुढे आच जास्त, मागे कमी, त्यामुळे कोणतं भांडं कुठे लावायचं हीच मोठी विद्या. सरपण पाइनचं, कारण त्याची ज्वाळा लांब जाते. पूर्वी अनेक छोटे कारखानदार एकाच भट्टीत जागा भाड्याने घेत. भट्टी बिघडली तर कितीतरी घरांचे कष्ट एका रात्रीत जात. तापमापक नव्हता. मुख्य भट्टीवाला ज्वाळेचा रंग बघे, आत थुंकून थुंकीचं काय होतं ते बघे आणि त्यावर निर्णय घेई. मला या माणसाबद्दल राजाच्या चित्रकारापेक्षा जास्त आदर वाटतो.

सुंग, युआन आणि मिंग या जुन्या राजवटींच्या काळांतल्या भट्ट्यांच्या प्रतिकृतीही आवारात आहेत. चढावर बांधलेली लांबलचक ड्रॅगन भट्टी तेवढी नीट बघा, बाकीच्यांवर नजर टाकली तरी चालेल. अग्निदेवतेचं देऊळ मात्र चुकवू नका. वान्ली या मिंग सम्राटाच्या काळात दरबारासाठी ड्रॅगनची चित्रं असलेले अजस्र रांजण हवे होते, ते भाजताना सारखे बिघडत आणि कारागिरांना मार बसे. 1599 मध्ये थोंग बिन नावाच्या भट्टीवाल्याने भट्टीत उडी घेतली, असं सांगतात. आज देव म्हणून पूजा होते ती त्याचीच.

दुपारी शहराच्या मध्यभागी शाही भट्टी संग्रहालयात जा. वास्तुकार झू पेई यांनी विटांच्या लांब कमानी उभारल्या आहेत; त्यांत मोडलेल्या भट्ट्यांच्या जुन्या विटाही वापरल्यात. आतला खरा ऐवज म्हणजे फुटकी भांडी. दरबाराला पसंत न पडलेला माल बाहेर कुणाच्या हाती लागू नये म्हणून फोडून पुरत असत. उत्खननात सापडलेले ते तुकडे जोडून ठेवलेत. प्रत्येकाजवळ उभ्या राहून दोष शोधा: कुठे रंग ओघळलाय, कुठे कड वाकलीय. काही भांड्यांत मला दोष सापडलाच नाही. सकाळची टिचकी, सकाळची आच आठवत असेल तर इथे जीव तुटतो.

प्रश्न : मुलीला कंटाळा येईल का?

उत्तर : नाही येणार. चिनी मातीच्या वाद्यांचा कार्यक्रम जुन्या भट्ट्यांच्या संग्रहालयात होतो, तो दाखवा. जमलं तर एखाद्या कार्यशाळेत चाकावर बसवा. फक्त तिला दुसऱ्या संग्रहालयात ओढू नका, एकाने तिच्याबरोबर बाहेर थांबा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. नोंदणी आधी करा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

प्रश्न : तिथून एखादी जुनी वस्तू घ्यावी का?

उत्तर : जुनी नको. बुडावरचा राजाचा शिक्का काहीही सिद्ध करत नाही, जुन्या राजवटींचे शिक्के मारायची रीत तिथे शतकानुशतकं आहे. छेंगह्वा या मिंग सम्राटाच्या काळातला, कोंबड्या रंगवलेला छोटा पेला 2014 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात 28 कोटी हाँगकाँग डॉलरना गेला. त्याच्या नकला मिंगनंतरच्या छिंग राजवटीपासून होतायत. आणि चुकून खरंच जुनं हाती लागलं तर पंचाईत, कारण 1911 पूर्वीच्या पुरावस्तू चीनबाहेर नेता येत नाहीत.

त्याऐवजी ताओशीछ्वानला जा. चिनी मातीच्या जुन्या कारखान्याचा तो परिसर आहे, तिथल्या बाजारात तरुण कलाकार स्वतः केलेली भांडी घेऊन बसतात. पेला तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बसका आला तर कुठेतरी तडा आहे. कड ओठाला लावून बघा, बैठकीवरून बोट फिरवा, आणि कसं केलं ते त्यांनाच विचारा. फोनवरच्या भाषांतरावर काम भागतं. पॅक करताना पेल्यात मोजे कोंबा आणि तो हातातल्या बॅगेत ठेवा.