ओंबील परकीला ओळखते कशी?

तुमचा अनुभव थोडक्यात असा: परड्यातल्या आंब्यावरच्या चार-पाच ओंबिला, म्हणजे झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, काडीवर घेऊन तुम्ही शेजारच्या वाडीतल्या फणसावर सोडल्या. तिथल्या ओंबिला त्याच जातीच्या, तरी त्यांनी या पाहुण्यांना तंगड्या ताणून ठार केलं. ओट्यावरच्या बारीक मुंग्या मात्र खिडकीतून येवोत नाहीतर नळामागून, आपसात भांडताना दिसत नाहीत. असं का, आणि हे राणी ठरवते का, असं तुम्ही विचारलंय.

राणीचं आधी उरकतो. ती काही ठरवत नाही. ओंबिलांच्या वसाहतीत बहुधा एकच राणी असते आणि ती एका घरट्यात बसून अंडी घालते. वसाहत मात्र पानं शिवून केलेल्या कितीतरी घरट्यांत, अनेक झाडांवर पसरलेली असते. अंडी-अळ्या बाकीच्या घरट्यांत पोचवण्याचं काम कामकरी मुंग्याच करतात. दूरच्या फांदीवर कोण शिरलं हे राणीला कळायला मार्गच नाही. निवाडा होतो तो समोरासमोर आलेल्या दोघींत. एकमेकींच्या अंगावरून स्पृशा, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, फिरल्या की क्षणात कळतं, सोडायचं की धरायचं.

स्पृशांना कळतो तो अंगावरचा मेणचट थर. शरीरातलं पाणी उडून जाऊ नये हे त्याचं मूळ काम. त्यात लांब साखळ्यांची हायड्रोकार्बनं, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनची बनलेली संयुगं, असतात. एका जातीत ती साधारण तीच असतात, पण त्यांचं प्रमाण वसाहतीगणिक बदलतं. हे प्रमाण म्हणजेच वसाहतीचा वास. इस्रायलमध्ये अब्राहम हेफेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात कॅटाग्लिफिस नायजर या वाळवंटी मुंगीवर काम केलं. तिच्या घशामागे एक ग्रंथी असते, तिच्यात हीच हायड्रोकार्बनं साठतात. मुंग्या एकमेकींना चाटतात, तोंडाला तोंड लावून अन्न भरवतात आणि त्यातून सगळ्यांचा वास एकमेकींत मिसळत राहतो. एका बरणीत मुरलेल्या लोणच्याच्या फोडींसारखं. कुठलीही काढा, चव तीच. परक्या वसाहतीतल्या ग्रंथीचा अर्क एखादीच्या अंगाला लावला, तर तिच्या घरच्याच तिच्यावर धावून जातात.

म्हणजे ‘ही आपली अमुक बहीण’ अशी ओळख यात नाही. वास जुळतो की नाही, एवढंच बघितलं जातं. जपानमध्ये मामिको ओझाकी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की तिथल्या एका कॅम्पोनोटस मुंगीच्या स्पृशेवरचा एक सूक्ष्म केस परक्या वासाला प्रतिसाद देतो, घरच्या वासाला गप्प राहतो. हे फारच सुटसुटीत वाटतं, आणि तेवढं सुटसुटीत ते नाहीही. फ्लोरिडातल्या एका नातेवाईक जातीच्या मेंदूत नंतर घरच्या वासाचाही प्रतिसाद नोंदला गेला. पण ‘खटकलं तर धरा’ हा नियम मानला की बरंच काही उलगडतं. नुकत्याच कोशातून निघालेल्या मऊ, फिकट मुंगीच्या अंगावर वास जवळजवळ नसतोच, म्हणून ती परक्या घरातही पुष्कळदा खपून जाते. दुसऱ्यांचे कोश पळवून त्यांना कामाला जुंपणाऱ्या मुंग्यांचं सगळं बस्तान यावरच आहे. ऑस्ट्रेलियात तर एक उडी मारणारा कोळी आपल्या इकडच्या ओंबिलांच्याच जातीच्या मुंग्यांच्या अळ्या खातो, त्यातून त्यांचा वास उचलतो आणि खुशाल घरट्यात हिंडतो.

वास खाण्यावरूनही बदलतो. अर्जेंटिनी मुंगीच्या एका वसाहतीचे भाग वेगळे ठेवून त्यांतल्या काहींना विशिष्ट जातीची झुरळं खायला घातली, तर त्या झुरळांची हायड्रोकार्बनं मुंग्यांच्या अंगावर चढली आणि कालपर्यंतच्या सोबतिणींनी त्यांना फाडलं. हा २०००चा प्रयोग. गंमत अशी की हीच मुंगी दक्षिण युरोपात इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे ६,००० किलोमीटरच्या पट्ट्यात एकच महावसाहत करून आहे. या टोकाची मुंगी त्या टोकाला नेली तरी भांडण नाही.

तुमच्या ओट्यावरचं कोडं याच वळणाचं आहे. डोकं काळं आणि पोट-पाय फिकट असतील, चिरडल्यावर खवट खोबऱ्यासारखा वास येत असेल, तर ती टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. सगळ्याच पिवळट-तपकिरी असतील तर बहुधा फॅरो मुंगी. दोघींच्याही वसाहतीत अनेक राण्या असतात, आणि नवी वसाहत म्हणजे काही राण्या, काही अळ्या आणि थोड्या कामकऱ्यांनी बाजूच्या फटीत मांडलेलं बिऱ्हाड. त्यामुळे खिडकीतली आणि नळामागची ही बहुतेक एकाच घराण्याची. भांडायला परकं कोणी नाहीच.

ओंबिलांचं उलटं. त्यांच्यात तर शेजारीणच जास्त डोळ्यांवर येते. ऑस्ट्रेलियातल्या २०१०च्या अभ्यासात दूरच्या वसाहतीतल्या ओंबिलांपेक्षा लगतच्या वसाहतीतल्यांवर जास्त हल्ले झाले. कित्येक प्राण्यांत ओळखीच्या शेजाऱ्याला सूट मिळते, इथे नाही. हद्द आणि अन्न ओढून नेणार ती शेजारीणच, हे माझ्या मते पुरेसं कारण आहे. फणसाऐवजी पाच मैलांवरच्या झाडावर सोडल्या असत्यात तर त्या वाचल्या असत्या असं नाही, पण तुम्ही निवडलेली जागा सगळ्यात वाईट होती.

जाता जाता, ओट्यावर फवारे मारू नका. फॅरो मुंग्यांना हुसकलं की वसाहत फुटते आणि एकाची चार बिऱ्हाडं होतात. साखरेच्या पाण्यात साधारण एक टक्का बोरिक पावडर घालून त्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्यांच्या वाटेवर ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही असा. जास्त कडक केलंत तर नेणारी वाटेतच मरते. सौम्य ठेवलंत तर ती घरी जाऊन सगळ्यांना भरवते, राण्यांनाही.