गोंद कुठला ते नंतर बघू, मणी किती होते?

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. छोटी प्लास्टिकची बाटली, आत रंगीत मणी, झाकण ग्लू गनने चिकटवलेलं, आठवड्यात झाकण निघालं आणि आता तुम्ही विचारताय की कुठला गोंद वापरू. अगदी हाच खुळखुळा मी केला होता, पोरगा तेव्हा 11 महिन्यांचा. बाटली धुवून कोरडी करणं वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडून देतो.

ग्लू गनचा गोंद मुरत बिरत नाही, तो थंड होताना खाचाखोचांना धरून बसतो. पुठ्ठा, कापड, लाकूड यांत धरायला काहीतरी असतं. बाटलीची झाकणं बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिइथिलीन या प्लास्टिकची, गुळगुळीत, त्यांना धड काहीच चिकटत नाही. माझा गोंद अख्खा अंगठीसारखा निघून आला, कुठे तुटलासुद्धा नाही. आदल्या दिवशी मी ओढून बघितलं तेव्हा घट्ट होतं हो, पण आपण ओढून बघतो आणि मुलं आपटतात, चावतात, लाळेत भिजवतात.

पण माझी खरी चूक गोंदाची नव्हतीच. मी त्याच खोलीत होतो, मणी फरशीवर सांडल्याचा आवाज आला, वळून बघतो तर ह्याचं तोंड मिटलेलं आणि गाल हलतोय. मी घाबरून बोट घातलं, एक मणी निघाला. (हेही चुकलंच. वस्तू दिसत नसताना बोट घालून चाचपडायचं नसतं, ती आणखी आत ढकलली जाते. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, आणि आवाजच निघत नसेल तर काय करायचं ते प्रथमोपचार शिकवणाऱ्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, मी डॉक्टर नाही आणि असल्या गोष्टी वाचून येत नाहीत.) मग सगळे गोळा केले, तोंडातला धरून 47 भरले. बायकोने विचारलं, होते किती? आणि मला सांगताच येईना. मूठभर घेऊन ओतले होते, मोजतो कोण!

दवाखान्यात गेलो तर काउंटरवरच्या माणसाला फॉर्मात आकडा हवा. माहीत नाही म्हटलं तर म्हणे तसं लिहिता येत नाही, अंदाजे टाका. मी 50 टाकले, नुसता गोल आकडा म्हणून. आत डॉक्टरांनी तोच कागद वाचून विचारलं, म्हणजे 3 पोटात? मी सांगतोय की 50 मी मनाने लिहिलेत, तर सगळे कागदाकडे बघतायत. प्लास्टिक एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे फोटो काढूनही उलगडा होणार नव्हता. श्वास नीट, पोरगा मजेत खेळतोय, मग काही तास बसवून घेतलं आणि शी बघत राहा म्हणून घरी पाठवलं. चार दिवस ते काम मी केलं, काही मिळालं नाही. तीन महिन्यांनी कपाटाच्या पायामागे एक मणी सापडला. उरलेले 2 कुठे गेले की मुळात नव्हतेच, मला आजही माहीत नाही.

म्हणून माझं मत, कुणाला पटो न पटो: तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्यात असं काही भरायचंच नाही जे बाहेर आल्यावर पंचाईत होईल. टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या, त्यातून आरपार जातं ते बाद. कारखान्यातल्या खेळण्यांचे भाग ज्यात पूर्ण मावले तर नापास ठरतात, ते तपासणीचं भांडं जेमतेम 31.7 मिलिमीटर रुंद असतं, नळी त्याहून मोठी म्हणजे आपण जरा जास्तच कडक झालो, चालेल. बाटलीची झाकणंसुद्धा बहुधा यात नापास होतात, तेव्हा झाकणांची चाकं लावलेली पुठ्ठ्याची गाडी मोठ्या मुलांना द्या. खुळखुळ्यात मोठ्या लाकडी रिंगा घाला, नळीतून न जाणाऱ्या, आणि बाटलीऐवजी कापडी पिशवी, दुहेरी दोऱ्याने शिवलेली. धावदोरा नको, उलट टीप घाला, एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. आणि मोठ्या मुलासाठी छोटं काही भरलंच तर मोजून भरा आणि आकडा मार्करने बुडाशी लिहून ठेवा. लोक हसतात, हसू देत.

मोज्याच्या बाहुलीला डोळे काय लावू, हेही तुम्ही विचारलंय. बटणं नकोत, ते चिकटवायचे हलणारे डोळे तर अजिबात नकोत, रंगीत दोऱ्याने भरून काढा. वाकडे आले तर आमच्याकडे तसेच जास्त आवडले. बटन सेल आणि छोटी चुंबकं घरात कुठल्याच खेळण्यात नको, त्यावर मी वादच घालत नाही.

आणि झाकण निघालं तेव्हा मणी गोळा केलेत ना, किती भरले होते आठवतंय का? नसेल आठवत तर आजच सोफ्याखाली टॉर्च मारा, कपाटाच्या पायांमागेही बघा.