‘फास्ट लेन्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न दुहेरी आहे. कॅमेऱ्याच्या ‘फास्ट लेन्स’ला ‘वेगवान भिंग’ म्हटलेले चालेल का? आणि ती अंधारासाठी असते म्हणतात, मग भर दुपारी लावावी की नाही?

‘वेगवान भिंग’ नको. ते वाचून वाटते की झटकन फोकस करते ती फास्ट लेन्स. त्याचा इथे संबंध नाही. लेन्समधले छिद्र (अ‍ॅपर्चर, जिथून उजेड आत येतो) मोठे, त्यामुळे उजेड भरपूर, त्यामुळे शटर थोडाच वेळ उघडले तरी भागते. यातला ‘फास्ट’ एवढाच. नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ, लेन्सवर मिमीत लिहिलेली असते) छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-आकडा मिळतो. ५० मिमीच्या लेन्सचे छिद्र एफ/१.४ ला साधारण ३६ मिमी असते, एफ/५.६ ला जेमतेम ९. व्यास चौपट, उजेड सोळापट. देवळातल्या मंद उजेडात कीर्तनाचा फोटो काढताना एफ/५.६ ला शटर १/१५ सेकंद लागत असेल, तर टाळकऱ्यांचे हात म्हणजे नुसते फराटे येतात. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) तोच ठेवून एफ/१.४ ला जवळपास १/२५० मिळतो आणि टाळ जागच्या जागी थांबलेले दिसतात. मात्र एवढ्या मोठ्या छिद्राने जवळून काढलात तर डोळा स्पष्ट आणि कान धूसर, हे गृहीत धरायचे.

आता शब्द. जर्मन लोक अशा लेन्सला ‘लिश्टश्टार्क’ म्हणतात, म्हणजे प्रकाशाने बलवान. फ्रेंच ‘ल्युमिन्यू’, म्हणजे उजळ. त्यांनी उजेड धरला, इंग्रजीने वेग. मराठीला यातले काहीच सोडावे लागत नाही, आणि मला याचा फार आनंद वाटतो. ‘मंद’ चालही असते आणि दिवाही. ‘तेज’चेही तेच: चेहऱ्यावरचे तेज संस्कृतातून आले, तेज घोडा फारसीतून, आणि दोन्हींचे मूळ एकच, धार लावण्याच्या अर्थाचे, ‘तीक्ष्ण’ही त्याच घरचा. म्हणून लिहिताना ‘तेज लेन्स’ आणि ‘मंद लेन्स’ ही जोडी वापरावी असे माझे मत आहे. तेजी-मंदी आपल्या कानावर आहेच. बोलताना ‘फास्ट’ म्हणालात तरी काही बिघडत नाही.

दुपारचे म्हणाल तर बेलाशक लावा. फक्त छिद्र पूर्ण उघडे ठेवाल तर अडचण येते. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद हा जुना ठोकताळा. तिथून एफ/१.४ पर्यंत सात स्टॉप होतात (एका स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे शटर १/१२८०० हवे. बऱ्याच कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर १/४००० किंवा १/८००० लाच थांबते, मग फोटो गरजेपेक्षा पांढरा पडतो. मागचे धूसर हवेच असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावा, १/१६०० ला काम होते. नाहीतर सरळ एफ/४ किंवा एफ/५.६ ला या. बहुतेक तेज लेन्स तिथे पूर्ण उघड्या छिद्रापेक्षा जास्त रेखीव असतात.

जाता जाता एक: ‘अ‍ॅपर्चर वाढव’ असे कुणाला सांगू नका. आकडा वाढवायचा की छिद्र, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि दोन्ही उलट दिशांना जातात. ‘छिद्र उघड’ किंवा ‘छिद्र आवळ’ म्हणा.