बाबांना कला कळते, म्हणूनच त्यांना भीती वाटते

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुझे वडील वीस वर्षांपूर्वी चंदगड तालुक्यातून म्हापशाला आले, दुसऱ्याच्या दुकानात मशीन चालवता चालवता त्यांनी स्वतःचे शिवणकामाचे दुकान थाटले, आणि आता बारावी विज्ञान शाखेत असलेल्या मुलीने फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातच जावे, अशी त्यांची इच्छा आहे. तुला ओढ आहे ती अक्षरांची, चित्रांची, मांडणीची. ‘गाव सोडलं ते कुणासाठी?’ असे त्यांनी विचारले की तुझे बोलणे खुंटते.

‘बाबांना कला कळत नाही’ हे तुझे वाक्य मात्र मला पटले नाही. पट्टी न लावता कापडावर खडूने मुंढ्याचा बाक काढणारा माणूस रेषा ओळखतो. चतुर्थीच्या तोंडावर मध्यरात्रीपर्यंत मशीन चालवायची आणि सण उलटला की गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायचे, हे हातावरचे पोट त्यांनी इतकी वर्षे सोसले आहे. गावाकडे अडीनडीला भाऊबंद उभे राहतात. इथे दुकानाचे भाडे थकले तर सांभाळून घेणारे कोणी नसते. तुझ्या वाट्याला हे येऊ नये, एवढेच त्यांना वाटते, आणि ही भीती खरी आहे.

म्हणून त्यांच्याशी आवडीबद्दल कमी आणि पोटापाण्याबद्दल जास्त बोल. पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे, तिथला पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे अभियांत्रिकीइतकाच आहे, आणि महाविद्यालय शासकीय असल्यामुळे शुल्क खासगी डिझाइन संस्थांच्या मानाने बरेच कमी पडते. तुझा कल पाहता चित्रकलेपेक्षा उपयोजित कला तुला अधिक मानवेल, असे माझे मत आहे; औषधाच्या खोक्यापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत अक्षर आणि मांडणी जाणणारा माणूस लागतो. आयआयटीमधील डिझाइनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, आणि तिच्यात चित्र काढण्याबरोबर तर्क आणि अवकाशाची जाणही तपासली जाते, त्यामुळे तुझे विज्ञान वाया जाणार नाही. पहिली दोन-तीन वर्षे कमाई बेताची असू शकते, हे लपवू नकोस. बाबांना घेऊन आल्तिनोला जा आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना सुरुवातीला किती पैसे मिळाले, काम कसे मिळाले, हे बाबांच्या समोरच विचार.

गणिताचा पेपर मुद्दाम बिघडवण्याचा विचार तू लिहिला आहेस, तो आजच सोडून दे. त्यातून तुझा कल सिद्ध होणार नाही. बाबांना फक्त नापास झालेली मुलगी दिसेल. अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षाही मन लावून दे, कारण हातात चांगले गुण असताना केलेली निवड त्यांना पळवाट वाटणार नाही.

आणखी एक. गोव्यातील प्रवेशांसाठी रहिवासाची अट असते, तेव्हा माहितीपुस्तिका नीट वाचून मामलेदार कचेरीतून लागणारा दाखला वेळेत काढून ठेवावा. जुन्या भाडेपावत्या बाबांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या आहेत, असे तू सहज लिहून गेलीस. ती पेटी त्यांनाच उघडायला सांग, आणि कचेरीत त्यांच्याबरोबर तूही जा.

तुझी हितचिंतक,
समुपदेशक