प्रवेश दर कमी, म्हणून विद्यापीठ मोठे?

अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठांपैकी सर्वांत नावाजलेले कोणते आणि कोणत्या ठिकाणी प्रवेश मिळणे सर्वांत कठीण, हे दोन प्रश्न पालक बहुधा एका दमात विचारतात, कारण त्यांच्या लेखी तो एकच प्रश्न असतो. शंभरांतून दहांना घेणारे ते मोठे आणि पन्नासांना घेणारे ते सुमार, असा हा सरळ हिशेब. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या पुण्यातील ज्या कुटुंबाविषयी मी येथे लिहीत आहे त्यांनीही तोच मांडला होता. त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत.

मुलगी बारावीला होती. अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांची तिला मनापासून ओढ होती. शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत झालेले, त्यामुळे कॅथलिक संस्थेतील शिस्त आणि शिकवणे यांविषयी घरात आदर होता. त्यात न्यू जर्सीत राहणाऱ्या मामांनी सहा नावे पाठवली होती. वडील सीए. त्यांनी त्या सहा नावांचा एक्सेल तक्ता करून, छापून आणला होता. स्थापना, रँक, प्रवेश दर आणि वार्षिक खर्च असे रकाने होते आणि सगळा तक्ता प्रवेश दराच्या चढत्या क्रमाने लावलेला होता. नोटर डेम व जॉर्जटाउन यांच्या ओळी हिरव्या, बॉस्टन कॉलेज, होली क्रॉस आणि व्हिलानोव्हा पिवळ्या, आणि निम्म्याहून अधिक अर्जदारांना प्रवेश देणारे न्यूयॉर्कचे फोर्डम लाल. "मॅडम, लाल ओळ मामांच्या आग्रहामुळे ठेवली आहे, ती काढली तरी चालेल," असे त्यांनी बसता बसताच सांगितले.

तक्त्यातील आकडे बरोबर होते. प्रश्न होता तो त्या आकड्यांचा अर्थ लावण्याचा. आपल्याकडे अकरावीच्या किंवा जेईईच्या यादीत, आरक्षणाचे गट सोडले तर, सगळे एकाच रांगेत उभे असतात, गुण हीच एकमेव कसोटी असते आणि यादी बंद झाली की शेवटच्या मुलाचे गुण सगळ्यांना दिसतात. अमेरिकेत तसे नाही. तिथे एका दारासमोर अनेक रांगा असतात: खेळाडूंची, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांची, बंधनकारक अर्ज करणाऱ्यांची, आर्थिक मदत मागणाऱ्या परदेशी मुलांची. जाहीर होणारा प्रवेश दर ही या सर्व रांगांची सरासरी असते, आणि पुण्याहून अर्ज करणारी मुलगी कोणत्याच रांगेत सरासरी नसते.

हे समजावण्यासाठी मी बॉस्टन कॉलेजची ओळ घेतली, कारण तिचा इतिहास बोलका आहे. १८६३ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या या संस्थेकडे २०१२ च्या सुमारास वर्षाला ३४ हजारांच्या आसपास अर्ज येत. मग त्यांनी अर्जाला स्वतःचा एक अतिरिक्त निबंध जोडला. पुढच्याच फेरीत अर्ज जवळपास एक चतुर्थांशाने घटून २५ हजारांच्या घरात आले आणि प्रवेश दर वर गेला. प्राध्यापक तेच, ग्रंथालय तेच, वर्गही तेच. केवळ एक निबंध लिहिण्याचा कंटाळा करणारे गळाले होते. पुढे २०१९ मध्ये त्यांनी अर्ली डिसिजन ही बंधनकारक फेरी सुरू केली, म्हणजे निवड झाली तर यायचेच अशी लेखी हमी देणाऱ्यांना आधी घ्यायचे. अशी हमी हातात असली की जागा भरण्यासाठी कमी जणांना होकार द्यावा लागतो. त्यातच २०२० नंतर एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती उठल्याने अर्ज वाढले, आणि सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवरचा दर काही वर्षांतच सोळा-सतराच्या आसपास उतरला. वडिलांच्या तक्त्यात हा अखेरचा आकडाच काय तो होता.

जॉर्जटाउनचे उलट आहे. १७८९ मध्ये जॉन कॅरोल यांनी आजच्या वॉशिंग्टनमध्ये स्थापन केलेले हे अमेरिकेतील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. इतर बहुतेक सर्व जण कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जावर, गेले तरी त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःचा वेगळा अर्ज ठेवला, माजी विद्यार्थ्यांकडून मुलाखत घेण्याची पद्धत चालू ठेवली, एसएटीची अट लवकरच परत आणली आणि बंधनकारक फेरी ठेवली नाही. यांतील प्रत्येक गोष्ट हौशी अर्जदाराला दूर ठेवणारी आहे. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत बॉस्टन कॉलेजकडे येणारे अर्ज जॉर्जटाउनपेक्षा कितीतरी अधिक असूनही जॉर्जटाउनचा बारा-तेरा टक्क्यांचा दर माझ्या मते अधिक कडक आहे, कारण त्या रांगेत सहज म्हणून उभे राहिलेले थोडेच असतात.

वडील हे लक्षपूर्वक ऐकत होते. लेखापरीक्षणाची सवय असलेल्या माणसाला आकड्यामागची नोंद दाखवली की तो वाद घालत नाही, हा त्यांच्याशी बोलण्यातला मोठा फायदा. तरीही त्यांचा पुढचा प्रश्न रँकचा होताच. तक्त्यात होली क्रॉसचा क्रमांक तिसाच्या आसपास होता आणि व्हिलानोव्हाचा त्याच्या बराच खाली, म्हणून होली क्रॉस वर. पण ते दोन क्रमांक दोन निराळ्या याद्यांतले होते. १८४३ चे होली क्रॉस हे केवळ पदवीपर्यंत शिकवणारे लिबरल आर्ट्स कॉलेज (कला, विज्ञान, सामाजिक शास्त्रे यांचे व्यापक शिक्षण देणारे महाविद्यालय) असल्याने त्याची तुलना तशाच महाविद्यालयांशी होते. व्हिलानोव्हा दोन दशकांहून अधिक काळ प्रादेशिक विद्यापीठांच्या यादीत पहिल्या स्थानाच्या आसपास राहिले आणि २०१६ मध्ये वर्गवारी बदलल्यावर राष्ट्रीय यादीत जाऊन एकदम पन्नासाच्या आसपास दिसू लागले. घसरण झाली असे कोणालाही वाटावे, प्रत्यक्षात ती बढती होती. शिवाय यूएस न्यूज या अमेरिकी नियतकालिकाच्या ज्या क्रमवारीवरून हा रकाना भरला होता, तिने २०१८ मध्ये प्रवेश दर हा निकषच आपल्या गणितातून काढून टाकला. यादी करणाऱ्यांनी जो आकडा सोडला, तो पालकांनी मात्र अजून धरून ठेवला आहे.

मग प्रतिष्ठा म्हणजे काय, हे त्यांनी विचारलेच. प्रतिष्ठा असते, ती खरीही असते, पण ती गावागणिक आणि धंद्यागणिक बदलते, हे माझे उत्तर होते. मामांनी व्हिलानोव्हाचे एवढे कौतुक का केले? कारण ते न्यू जर्सीत राहतात आणि फिलाडेल्फियाच्या त्या परिसरात ऑगस्टिनियन या कॅथलिक संघाच्या १८४२ च्या या विद्यापीठाचे नाव फार मोठे आहे. पोप लिओ चौदावे १९७७ मध्ये तिथूनच गणिताची पदवी घेऊन बाहेर पडले, हे २०२५ पासून जगालाही ठाऊक झाले. नोटर डेमचे वजन शिकागोच्या कंपन्यांत आणि देशभर विखुरलेल्या, एकमेकांना विलक्षण धरून असलेल्या माजी विद्यार्थ्यांत आहे. जॉर्जटाउनचे वजन परराष्ट्र खाते, संसद आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या वर्तुळात आहे. १९१९ मध्ये फादर एडमंड वॉल्श यांनी सुरू केलेली तिथली स्कूल ऑफ फॉरिन सर्व्हिस ही त्या क्षेत्रातील अग्रगण्य संस्था आहे आणि बिल क्लिंटन तिचेच विद्यार्थी. परत पुण्या-मुंबईत नोकरी करायची झाली तर या सहांपैकी जॉर्जटाउनचेच नाव इथल्या माणसाच्या कानावरून गेलेले असण्याची शक्यता जास्त. नोटर डेम म्हटल्यावर इथे पॅरिसचे चर्च आठवते. वडिलांनीही पहिल्या भेटीत, हे फ्रान्समध्ये आहे ना, असे विचारले होते.

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तो त्यांनी मुलगी पाणी प्यायला उठल्यावर हळूच विचारला: "तिथे धर्माचे काही बंधन तर नसेल ना?" हा प्रश्न विचारायला पुष्कळ हिंदू पालक संकोचतात, म्हणून त्याचे उत्तर मी सविस्तर देते. मिस्साला, म्हणजे चर्चमधील सामूहिक प्रार्थनेला, जाण्याची सक्ती यांपैकी कुठेही नाही. अभ्यासक्रमात मात्र धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान येते: नोटर डेम आणि बॉस्टन कॉलेज येथे धर्मशास्त्राचे दोन विषय सर्वांना घ्यावे लागतात, जॉर्जटाउनमध्येही दोन घ्यावे लागतात, आणि तिथला 'देवाचा प्रश्न' या आशयाचा विषय वादविवादासाठी प्रसिद्ध आहे. वातावरणाचा फरक मोठा आहे. नोटर डेममध्ये सुमारे ऐंशी टक्के विद्यार्थी कॅथलिक, मुलामुलींची वसतिगृहे पूर्णपणे वेगळी, प्रत्येक वसतिगृहात प्रार्थनागृह, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर मुलींच्या वसतिगृहात मुलांना थांबण्याची मनाई. हे ऐकून वडिलांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला आणि तेवढ्यात परत आलेल्या मुलीचा उतरला. जॉर्जटाउनने २०१६ मध्ये पूर्णवेळ हिंदू धर्मगुरूची नेमणूक केली, हे सांगितल्यावर आईंच्या मनावरचे ओझे उतरलेले दिसले.

तरीही या कुटुंबाचा निर्णय ज्या गोष्टीवर फिरायला हवा होता ती तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात होती. राहणे-जेवण धरून वर्षाला ९० हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे चार वर्षांचे तीन कोटींच्या घरात. बावधनचा दुसरा फ्लॅट विकायची तयारी वडिलांनी केली होती, तरी पूर्ण रक्कम उभी राहत नव्हती, आणि मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता कमी होईल म्हणून अर्जात ती मागायचीच नाही असे त्यांनी ठरवले होते. भीती निराधार नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी गरजेवर आधारित मदत बहुतेक ठिकाणी मर्यादित असते किंवा नसतेच, आणि मागणी केली की निवडीवर परिणाम होतो. परंतु नोटर डेमने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की परदेशी विद्यार्थ्यांचीही निवड आर्थिक स्थिती न पाहता केली जाईल आणि ज्यांची निवड होईल त्यांची सिद्ध झालेली गरज कर्जाविना पूर्ण भागवली जाईल. म्हणजे तिथे मदत न मागणे हे निव्वळ नुकसान. दुसरीकडे, मदतीचे पत्र हाती येण्याआधीच बांधून घेणारी अर्ली डिसिजनची फेरी अशा कुटुंबाने टाळावी, जरी त्या फेरीतला दर एकूण दरापेक्षा बराच वर असला तरी. पैशाची पूर्ण तयारी असलेल्यांनाच ती सवलत परवडते, आणि मला वाटते, जाहीर दराच्या चर्चेत ही गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते.

आम्ही तक्ता पुन्हा लावला. या वेळी रकाने मुलीने ठरवले: तिला हवा तो विषय कसा शिकवतात, मदत मिळण्याची शक्यता किती, आणि शहरात सुट्टीतील कामाच्या संधी कोणत्या. जॉर्जटाउन आणि नोटर डेम या दोन्ही ठिकाणी लवकरच्या, पण न बांधणाऱ्या फेरीत एकाच वेळी अर्ज करता येतो, म्हणून ते दोन आधी. बॉस्टन कॉलेजला नियमित फेरीत. होली क्रॉस आणि व्हिलानोव्हा तिने स्वतःच वगळली. फोर्डमची लाल ओळ मात्र राहिली, कारण १८४१ च्या या जेझुइट विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थकारण हा स्वतंत्र विषय पदवीला घेता येतो, गुणवत्तेवर शिष्यवृत्ती परदेशी मुलांनाही मिळते आणि संयुक्त राष्ट्रसंघ त्याच शहरात आहे. जॉर्जटाउनच्या परराष्ट्र विषयाच्या शाखेत प्रत्येकाला जगाच्या आधुनिक नकाशाचा विषय पूर्ण करावा लागतो, हे वाचून ती एवढी हरखली की तिचा निबंध त्यावरच बेतला गेला.

निकाल असे लागले: नोटर डेमचा नकार, जॉर्जटाउनची वेटलिस्ट, बॉस्टन कॉलेजचा मदतीविना होकार आणि फोर्डमचा चांगल्या शिष्यवृत्तीसह होकार. वडिलांनी पुन्हा दराचा विषय काढला नाही असे नाही. "निम्म्यांना घेतात हो," असे ते एकदा म्हणालेच. त्यावर मी त्यांना तिथे शिकणाऱ्या दोन भारतीय विद्यार्थ्यांशी बोलायला सांगितले, आणि वर्गात किती मुले असतात, प्राध्यापक भेटतात का, मागच्या उन्हाळ्यात काम कुठे मिळाले, कुणाच्या ओळखीने मिळाले, एवढेच विचारायचे असे ठरवून दिले. दोन्ही फोन मिळून दीड तास चालले. १ मेच्या मुदतीआधी त्यांनी फोर्डमची अनामत भरली आणि जॉर्जटाउनच्या वेटलिस्टवर नाव कायम ठेवले; तिथून पुढे बोलावणे आले नाही. फ्लॅट विकावा लागला नाही. मामांना मात्र व्हिलानोव्हाला अर्जच का केला नाही, हे अजून पटलेले नाही.